येडगावचा शरभ

सिद्धीला माहीत असलेले प्राणी आवडत नसत असं नाही, पण माहीत नसलेले जास्त आवडत. ओतूरच्या पेठेत तिच्या घरचं पेंडीचं दुकान होतं. सकाळपासून सरकीची पोती, मक्याचा भरडा आणि गिऱ्हाइकांच्या गाईम्हशींची बोलणी. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या शेळीला तिळं झालं. सातवीतली ही पोर दुकानाच्या पायरीवर बसून ते ऐकायची आणि कंटाळायची. "गाय आहे, म्हैस आहे, ते ठाऊकच आहे. जे आहे का नाही तेच कुणाला माहीत नाही, त्याचं काहीतरी सांगा ना," म्हणायची.

हे वेड तिला आजीनं लावलं होतं, नकळत. झमकूबाईंनी नात चार वर्षांची असतानाच तिच्याकडून चोवीस तीर्थंकरांची लांछनं, म्हणजे त्यांच्या ओळखीची चिन्हं, चालीवर पाठ करून घेतली होती. ऋषभदेवांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा. असं म्हणत म्हणत गाडी सुविधिनाथांच्या मगरीपाशी आली की सिद्धी हटकून थांबायची. देवळाच्या दगडात कोरलेल्या मगरीला चक्क सोंड होती.

"दादीजी, पुस्तकातल्या मगरीला सोंड नाही. मग हिला कशी?"

"कोरणाऱ्यानं पाहिली असेल तशी," झमकूबाई म्हणाल्या आणि माळ ओढू लागल्या.

त्या एका वाक्यानं पोरीच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. पाहिली असेल? कुठे? मग ती गेली कुठे? हिममानव, स्कॉटलंडच्या तळ्यातलं लांब मानेचं जनावर, सगळ्यांची तिनं संयमकाकाच्या मोबाइलवर ओळख करून घेतली. पण सगळ्यांत लाडका होता तो शिवनेरीच्या दरवाजावरचा शरभ. शाळेची सहल गेली होती तेव्हा सगळ्या मुली सावली शोधत होत्या आणि ही मान वर करून उभी. सिंहासारखं अंग, वासलेला जबडा, वळलेली शेपटी आणि मानेभोवती दगडात कोरलेली ताठ, टोकदार आयाळ. वैजयंतीबाई म्हणाल्या, "हा कल्पनेतला प्राणी बरं का मुलींनो. सिंहाहून बळकट." सिद्धीनं हात वर केला. "बाई, कल्पनेतला कशावरून? रानपिंगळासुद्धा शंभर वर्षं कुणाला दिसला नव्हता. मेला, संपला म्हणत होते. मग शहाद्याकडच्या जंगलात सापडलाच ना?" बाईंनाही हसू आलं. घुबड सापडलं म्हणून शरभ सापडेल असं नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. सिद्धीनं नीट ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

तिच्या पायाला मात्र भिंगरी लागली ती तेव्हापासून. दुकानाच्या पिकअपमधून संयमकाका गावोगाव पेंड पोचवायला निघाला की ही शाळा नसेल तेव्हा पुढच्या सीटवर. काकाचं नाव संयम, पण सिग्नलला उभं राहणं त्याच्या जिवावर येई. दोघांचं छान जमायचं.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. सुट्टी चालूच होती. येडगावला एका गोठ्यावर पोती उतरवून दोघं धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं परत येत होते. ऊन कलतं झालं होतं. पलीकडे जमिनीची एक जीभ पाण्यात घुसली होती, तिच्यावर काटेरी बाभळी माजल्या होत्या. त्यातल्या एकट्या, वाकड्या बाभळीखाली सिद्धीला ते दिसलं.

"काका, थांब! थांब ना!"

काकानं ब्रेक मारला. "काय? हिममानव?"

 तिनं डॅशबोर्डवरचा मोबाइल ओढला आणि जेवढं मोठं करता येईल तेवढं करून फोटो काढला. उंच, रोडावलेलं, चिखलानं माखून राठ झालेलं काहीतरी चार पायांवर उभं होतं. तोंड इकडेच. आणि मानेभोवती, मावळतीचं ऊन पाठीमागून येत असल्यामुळे अगदी स्वच्छ, ताठ टोकदार काट्यांचं कडं.

"शरभ," ती हळूच म्हणाली.

काकानंही फोटो पाहिला. तो हसेल असं तिला वाटलं होतं. पण तो हसला नाही. "आयला," एवढंच म्हणाला आणि गाडी जरा जोरातच हाणली.

दोन दिवसांनी तिनं हट्ट करून काकाला पुन्हा तिकडे नेलं. जनावर तिथेच. आणखी दोन दिवसांनी पुन्हा. तेव्हाही तिथेच. तीन फोटो जमले. तिचा जीव फुलपाखरासारखा नुसता थरथरत होता. जेवताना लक्ष नाही, झोपेत बडबड. एवढ्या मोठ्या जगात, आपल्या ओतूरपासून अर्ध्या तासावर, जे कुणी पाहिलं नाही ते आपण पाहिलं! दादाजींनी, म्हणजे लालचंदशेठनी, चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिले. ते कधी कुठल्याच पोराला 'असलं काही नसतं' म्हणत नसत. "असेल म्हणू नको, नसेल म्हणू नको. आधी पुरतं बघ," एवढंच म्हणाले.

काकानं मात्र पहिला फोटो पहिल्याच रात्री मित्रांच्या ग्रुपवर टाकून दिला होता. त्यावर सिद्धीचेच शब्द लिहिले: येडगावचा शरभ.

मग काय विचारता. सकाळी ओतूरच्या एसटी स्टँडवर, दुपारी नारायणगावच्या बाजारात, संध्याकाळी पार आंबेगाव तालुक्यात. कुणी त्याला पंख लावले, कुणी डोळ्यांतून जाळ काढला. जुन्नरच्या माणसाला बिबट्याची सवय आहे. उसात बिबट्या, ओढ्यात बिबट्या, अंगणात बिबट्या. पण हे नवीन काय? आणि नेमकी त्याच आठवड्यात येडगावच्या गोकुळची गाभण शेळी दावणीवरून गेली. झालं! शेळी शरभानं नेली.

शनिवारी दुपारी काका बातमी घेऊन आला. "सिद्धे, तुझा शरभ गाजला गं! उद्या उजाडताच गाव हाका घालून रान उठवणार आहे. गोकुळ आहे पुढे. फटाके, काठ्या, कोयते. एकाकडे बाराबोरची बंदूकपण आहे म्हणे. जित्ता न्हाई तर मेला, पण उद्या भाईर काढणारच, म्हणतोय."

सिद्धीनं काकाची बाही धरली. "मारणार?"

"मग काय आरती ओवाळणार?"

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. शरभ सापडेल, मोठी माणसं येतील, वैजयंतीबाई सगळ्या वर्गासमोर 'मी चुकले' म्हणतील, इथपर्यंत तिचं मन धावलं होतं. त्याच्यापुढे काठ्या होत्या हे तिनं पाहिलंच नव्हतं. ती पायरीवरून उठली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा बसली.

तेवढ्यात दुकानापुढे गजराबाई आणि त्यांची नात हिरा आल्या.

हिरा तिच्याच वर्गातली. गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारं धनगराचं घर. आता शेतीच जास्त, पण हिराचा आजा नवसू अजून मेंढरं राखून होता आणि दर वर्षी दिवाळीनंतर माळशेज उतरून कोकणात जायचा. यंदा निघता निघताच अपघात झाला. येडगावच्या रानात मेंढरं बसवलेली असताना आजा दरडीवरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. त्याला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं आणि त्याचा लेक, हिराचा बाप मच्छिंद्र, मेंढरं घेऊन घाटाकडे गेला. त्याच दिवशी त्यांचा कुत्रा गोंड्याही नाहीसा झाला. बिबट्यानं नेला, असं सगळ्यांनी धरलं. इकडे कुत्रं दिसेनासं झालं की दुसरं काही कुणी धरतच नाही. अपघातापासून हिरा बहुतेक दवाखान्यातच होती. तिच्याकडे ना मोबाइल, ना तिला शरभाची खबर.

"कोकरांना भरडा दे रं भाऊ," गजराबाई म्हणाल्या. "आन् जरा बारीक दे. दात न्हाईत त्यांना, माझ्यावानी."

काकानं पोतं मोजायला घेतलं आणि जाता जाता मोबाइल हिराच्या हातात दिला. "बघ, तुझ्या मैत्रिणीनं येडगावला काय शोधलंय."

हिरानं फोटो पाहिला. मोठा केला. 

"हा गोंड्या हाय."

"काय?"

"आज्जे, गोंड्या हाय! जिता हाय!"

सिद्धीनं मोबाइल जवळजवळ हिसकलाच. "काहीतरी काय! गोंड्याला बिबट्यानं नेलं. तूच सांगितलंस सगळ्यांना."

"मला तसं सांगितलं म्हणून म्या सांगितलं. गळ्यात बघ की! खिळ्यांचा पट्टा हाय त्यो. बिबट्या नरड्याला धरतो म्हणून घालत्यात. उजवीकडचा एक खिळा वाकडा हाय, मागच्या साली वाघरानं दात घातला तवाचा."

सिद्धीला ते ठाऊक नव्हतं असं नाही. मेंढरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे तिनं शंभरदा पाहिले होते. पण शरभ पाहायचा म्हणून पाहिलं की पट्टा कशाला दिसतोय!

"ती आयाळ आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

गजराबाईंनी डोळे बारीक करून फोटो पाहिला, पण मोतीबिंदूपुढे काय दिसणार. "असली कुत्री ढीगभर असत्यात गं पोरी," त्या नातीला म्हणाल्या. "गोंड्या असता तर घरी आला नसता व्हय? एका साली कोकणातनं चुकलं व्हतं, ते घाट चढून वस्तीवर आलं. तितं येडगावात बसून काय करंल?"

"बघ!" सिद्धी म्हणाली.

हिरानं तिच्याकडे पाहिलं. रडली नाही, भांडलीही नाही. भरड्याची पिशवी खांद्यावर घेतली. "तुला जनावर पायजे," ती म्हणाली. "मला माझं कुत्रं पायजे."

दोघी आजीनात पेठेतून दिसेनाशा होईपर्यंत सिद्धी बघत राहिली.

सिद्धीचं घर जैनांचं, जेवणं दिवस मावळायच्या आत होत. पंगतीला बसली तरी सिद्धीचा हात ताटात चालेना. भात इकडून तिकडे सरकवत होती. लालचंदशेठनी ते पाहिलं.

"हिरा म्हणते कुत्रा. तू म्हणतेस शरभ," ते शांतपणे म्हणाले. "दोन्ही जरा बाजूला ठेव. फोटोत काय आहे तेवढंच मला सांग."

"काटे आहेत."

"आणखी?"

"चिखल. बाभूळ."

"तिन्ही फोटोंत?"

"हो. तीच वाकडी बाभूळ."

"आणि तो बाभळीच्या कुठल्या बाजूला?"

सिद्धीनं काकाचा मोबाइल ओढून घेतला. एक फोटो, दुसरा, तिसरा. इतक्या वेळा पाहिले होते, पण दर वेळी नजर मानेवरच. आता पहिल्यांदा ती पायांकडे गेली. "एकाच जागी आहे दादाजी. तिन्हींत. आणि पायाखाली काहीतरी काळं आहे. तेही तिन्हींत."

"रानातलं जनावर दिवसचे दिवस एका जागी का बसेल?"

"पिल्लं असतील." तिनं फोटो आणखी मोठा केला. काळं ते चपटं होतं, चौकोनी. पिल्लं चौकोनी नसतात. "किंवा राखण करत असेल."

राखण! हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि ती थांबली. एकदा मधल्या सुट्टीत हिरानं सांगितलं होतं. आजा पाण्याला, बाजाराला कुठे गेला की जमिनीवर आपली घोंगडी टाकून जातो. मग गोंड्या तिच्यापाशी बसतो. ज्यानं टाकली तो येऊन उचलेपर्यंत उठत नाही. ऊन असो, पाऊस असो. मुली तेव्हा हसल्या होत्या. सिद्धीही.

ती ताटावरून उठली.

"अगं, दिवस मावळेल!" झमकूबाई ओरडल्या. "मग मिळायचं नाही काही!"

पण सिद्धी चपला हातात घेऊनच पळाली. पेठ संपली, ओढा ओलांडला, वस्तीवर पोचली तेव्हा गजराबाई कोकरं डालत होत्या. सिद्धीला धाप लागली होती. "आजी, आजोबांची घोंगडी कुठंय?"

गजराबाई चकित झाल्या. "त्यांच्यापाशी. दवाखान्यात."

चुलीपाशी बसलेली हिरा उठून उभी राहिली. "न्हाई आज्जे. तितं पिवळी चादर हाय. घोंगडी म्या न्हाई बघितली."

"मग तुझ्या बापापाशी असंल. मेंढरांसंगं गेली असंल."

हिरानं गजराबाईंचा बटणांचा फोन घेतला. मच्छिंद्र घाटाच्या माथ्यावर होता, आवाज तुटत होता. "माझ्यापाशी कशी आसंल? आबांच्या अंगावर घालून न्हेली न्हवं गाडीत?"

 गजराबाई मटकन खाली बसल्या. बाप समजला लेकानं नेली, लेक समजला बापानं नेली आणि घोंगडी त्या बाभळीखाली पडली ती पडलीच.

"आगं माझ्या देवा," म्हातारी पुटपुटली. "राखण बसलंय माझं लेकरू. आन् आमी त्याला मेलं म्हणून मोकळं झालो."

तेव्हा अंधारू लागलं होतं. उसाच्या वाटांनी कुणी अशा वेळी बाहेर पडत नाही. संयमकाका पहाटे गाडी काढायला तयार झाला, गजराबाई आणि हिरा यायच्या ठरल्या. सिद्धी घरी आली तेव्हा चूल निवली होती. त्या रात्री ती उपाशी झोपली. झोपली म्हणायचं एवढंच.  हिराला ती 'तू म्हणत होतीस तेच खरं' असं अजून म्हणालीच नव्हती. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, इतकं सगळं कळूनही, शरभ असावा असं वाटतच होतं.

पहाटे निघाले. गजराबाईंच्या काखेत एक गाठोडं होतं. नवसूचा पटका, पडला त्या दिवशी डोक्याला होता तो. धुवायला घरी आणला होता आणि धुवायचा राहून गेला होता. "आळशीपणा कदी कामाला येईल सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या.  

येडगावच्या पाण्याकाठी पोचले तर माणसं जमलेली. जमिनीची ती जीभ जिथे काठाला जोडलेली, तिथे चाळीसएक जणांनी तोंड अडवलं होतं. पुढे गोकुळ. हातात काठी, कानाला विडी, डोळे तांबारलेले. दोघं पोरं फटाक्यांची माळ सोडवत होती.

सिद्धी गाडी पुरती थांबायच्या आत उतरली. "थांबा! तो शरभ नाही!"

माणसं वळली. कुणीतरी म्हणालं, "हीच ती पेंडवाल्या शेठची पोरगी. फोटो काढणारी."

"तो कुत्रा आहे. हिच्या आजोबांचा. घोंगडीची राखण करतोय. मीच चुकले. मी शरभ म्हटलं, पण मी नीट पाहिलं नव्हतं."

हशा पिकला.

"परवा शरभ, आज कुत्रं," गोकुळ म्हणाला. "उद्या म्हणशील मांजर हाय. पोरी, माझी गाभण शेळी गेली. तुझा खेळ झाला. व्हय बाजूला."

"त्यानं नाही नेली शेळी!"

"तू बगितलं?"

 हाच प्रश्न तिनं स्वतःला आधी विचारायला हवा होता. तिचे कान तापले. पाठीमागे हिरा उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. पळून जावं, गाडीत बसून डोकं गुडघ्यांत घालावं, असं सिद्धीला वाटलं. पण ती पळाली नाही. तिनं मोबाइल पुढे केला.

"मी शेळी नाही बघितली. पण हे तुम्ही बघा, दादा. हा सोमवारचा, हा बुधवारचा, हा शुक्रवारचा. मान नका बघू. सगळे मानच बघतात. मीही तेच केलं. पायाखाली बघा."

गोकुळनं नाइलाजानं पाहिलं. पहिला, दुसरा, तिसरा. परत पहिला.

"तुमची शेळी गेली ती गुरुवारी ना? शेळी खाल्लेलं जनावर शुक्रवारी असं खपाटीला गेलेलं असतं का? बरगड्या मोजून घ्या."

मागून एक म्हातारा म्हणाला, "गोकुळ, पोरगी बोलती ते खोटं न्हाई वाटत."

"आन् कुत्रं असलं तर पिसाळलेलं असंल," दुसरा म्हणाला. "म्हातारीला फाडंल."

"फाडू दे की," गजराबाई पुढे होत म्हणाल्या. "आता माझ्या अंगावर फाडण्यासारखं ऱ्हायलंय काय? चामडं हाय नुसतं. तुमी फटाके तेवढे आवरा, पावणं."

गोकुळनं कानावरची विडी काढली, पेटवली. "ही विडी संपंस्तवर थांबतो. मग आमी शिरणार."

"ओढ जरा हळूहळू," संयमकाका म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाला हळू म्हटलं असेल.

गजराबाई निघाल्या. हिराला त्यांनी हातानंच मागे थांबवलं. काठावरून सगळे बघत होते. म्हातारी बाभळींतून वाट काढत त्या वाकड्या झाडाच्या अलीकडे पोचली. ते उठून उभं राहिलं. इतक्या लांबूनही गुरगुर ऐकू आली, घशातून, जमिनीतून आल्यासारखी. मानेवरचे खिळे सकाळच्या उन्हात चमकले. सिद्धीच्या अंगावर सरसरून काटा आला. शिवनेरीच्या दरवाजावरचा तो दगड जिवंत झाला असता तर असाच उभा राहिला असता.

गजराबाई थांबल्या. पुढे गेल्या नाहीत, हाकही मारली नाही. गाठोडं सोडलं, पटका झटकला आणि वाऱ्याच्या बाजूला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. गोकुळची विडी अर्ध्यावर आली. हिरानं सिद्धीचा हात कधी धरला, दोघींनाही कळलं नाही.

गुरगुर तुटली. जनावरानं नाक वर केलं. एक पाऊल पुढे आलं, लगेच मागे गेलं, घोंगडीवर पाय रोवले. पुन्हा पुढे आलं. पुन्हा मागे. त्याला वास बोलावत होता आणि घोंगडी सोडवत नव्हती. बघणाऱ्यांचाही जीव असाच मागेपुढे होत होता.

मग गजराबाईंनी तो पटका आपल्या डोक्याला गुंडाळला, नवसू गुंडाळत असे तसा, आणि सरळ चालत जाऊन, कुत्र्याकडे न बघताच वाकून घोंगडी उचलली. दोनदा झटकली. खांद्यावर टाकली.

त्याबरोबर गोंड्या खाली बसला. बसला कसला, कोसळला. पुढचे पाय पसरून त्यानं तोंड मातीत टेकलं आणि जे ओरडला ते भुंकणं नव्हतं की रडणं नव्हतं. मग उठून म्हातारीभोवती घिरट्या घालू लागला.

"राव, शरभ शेपूट हालवतोय," कुणीतरी म्हणालं. हसू आलं, पण यावेळी हशा मोठा नव्हता. गोकुळची विडी त्याच्या बोटांतच विझली होती.

हिरा धावली. सिद्धीही धावली, पण थोड्या अंतरावर थांबली. पुढे जायचा आपला हक्क नाही असं तिला वाटलं. तिनं खाली पाहिलं. घोंगडीच्या जागी पिवळं पडलेलं गवत, आजूबाजूला माशांचे काटे. आणि त्याच्याभोवती ओल्या मातीत वाटोळे, नखं नसलेले ठसे. नवे, जुने, एकावर एक. बिबट्या आला होता, फिरून फिरून आला होता, आणि दर वेळी तसाच परत गेला होता. ठशांची एक रांग काठावरून येत होती, गोकुळच्या गोठ्याच्या बाजूनं. गोकुळ तिच्याशेजारी येऊन उकिडवा बसला. ठशावर पंजा पसरून बघत राहिला.

"शेळीचा चोर हा व्हय," तो म्हणाला. मग कुत्र्याकडे बघून, "आन् ह्यो पठ्ठ्या त्याच्या म्होरं बसून राहिला. आमी मारत व्हतो ह्याला." त्यानं फटाक्यांची माळ पोराच्या हातून काढून घेतली आणि पाण्यात भिरकावली.

परतताना सिद्धी गाडीच्या मागे, मोकळ्या पोत्यांवर बसली. समोर हिरा, मध्ये गोंड्या. जवळून तो अगदीच कुत्रा होता. कानाला गोचिडी, अंगाला माशांचा वास. उजवीकडचा एक खिळा वाकडा.

"तू म्हणत होतीस तेच खरं," सिद्धी म्हणाली. "मी खोटं बोलत नव्हते. पण मला तेच दिसत होतं."

हिरा गोंड्याची गोचिडी काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तू तीनदा आलीस म्हणून दिसला तरी. आमी एकदाबी न्हाई आलो."

दवाखान्यात कुत्र्याला आत घेत नाहीत. नवसूला खाटेसकट खिडकीशी आणलं. त्यानं खाली बघितलं, बराच वेळ बघितलं, मग डोळे पुसत पहिला प्रश्न विचारला, "घोंगडी भिजली का गं?"

"घोंगडीचं काय घिऊन बसलाय!" खालून गजराबाई कडाडल्या. "त्या मुक्या जिवाला म्हणा काय तरी!"

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण शरभाची संपली नाही. ओतूरला खरं कळलं, येडगावला कळलं, तरी तो पुढे निघून गेलाच होता. शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी शिनोलीचे सावळाराम दुकानात आले. पेंडीची ऑर्डर दिली आणि पायरीवर टेकून आवाज खाली आणून म्हणाले, "शेठ, आमच्याकडचं ऐकलं का? घोडनदीच्या काठाला शरभ आलाय. पंख हायेत त्याला."

संयमकाकानं सिद्धीकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. लालचंदशेठ चष्मा पुसू लागले. पायरीवर बसलेल्या सिद्धीचं तोंड उघडलं होतं. 'तो कुत्रा होता, आणि मीच त्याला शरभ केलं,' हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते सांगितलंही, आधी तेच सांगितलं, काही न लपवता. सावळाराम ऐकत होते, मान हलवत होते.

"ते असंल येडगावचं," ते शेवटी म्हणाले. "पण आमचं येगळं हाय. आमच्याला पंख हायेत."

सिद्धीच्या पायांत पुन्हा ती जुनी चुळबुळ सुरू झाली. तिनं ती दाबून पाहिली. दबेना.

"काका, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"म्या न्हाई. पण माझ्या साडूच्या..."

"तुमच्या साडूंनी पाहिलं का?"

सावळाराम जरा अडखळले. "त्यांच्या शेजाऱ्यानं."

"बरं. कुठे बसलं होतं? रोज तिथेच बसतं का? आणि त्याच्या पायाखाली काय होतं?"

"पायाखाली?" सावळाराम गोंधळून लालचंदशेठकडे बघू लागले. "पायाखाली कोण बगतंय, पंख असताना?"

सिद्धी उठून उभी राहिली. "काका," ती संयमला म्हणाली, "शिनोलीची खेप कधी आहे? हिरालापण विचारू. तिला गोंड्याला घेऊन यायला सांगू."